एका शब्दाचं इंग्रजी

माझ्या भाटव्यांना इंग्रजी यायचं. भाटवे म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या वऱ्हाडात असंच म्हणतात. पुण्याच्या लोकांच्या कानाला टोचत असेल तर त्यांनी कानात कापूस घालावा, आमच्याकडे भरपूर आहे. तर भाटव्यांना इंग्रजी यायचं. सगळं नाही, एक शब्द. वेल.

"बाकीचं इंग्रजी कधी शिकता?" मी एकदा विचारलं.

"बाकी काय हाय त्यात?" भाटवे म्हणाले. "सायेब दिवसभर तेच तं बोलून राह्यते. मधातलं जे हाय तो निस्ता भुसा."

आणि हे ते थट्टेनं म्हणत नव्हते हो! मनापासून म्हणत होते. तोच तर आमचा वैताग.

नाव तुळशीराम. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, मिशा मात्र दोन माणसांना वाटून घेता येतील अशा. धंदा अमरावतीच्या बाजारात कापसाच्या दलालीचा. त्या सालांत अमेरिकेत कुठंतरी भाऊबंदकी पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या पऱ्हाटीचं नशीब उघडलं. आमच्या गावात, वलगावात, ज्यांच्या अंगात धड बंडी नव्हती त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. आमचा शेजारी तर रोज सकाळी त्या शेंब्या चिंचेनं घासायचा आणि बैलाला म्हणायचा, "नीट चाल, राजा." बायकोशी एवढ्या गोडीनं बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं.

बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खालून एकमेकांची बोटं दाबायची. वरून दोघंही असे गप्प, की जणू कीर्तनाला बसलेत. भाटव्यांची बोटं या कामात नावाजलेली. अशात विलायतेचा कापूसवाला साहेब आला, खुर्ची टाकून बाजारात बसला. भाटवे गेले, नमस्कार केला, साहेबाच्या हातावर रीतसर उपरणं टाकलं, खालून दोन बोटं दाबली आणि अर्ध्याची खूण म्हणून तळहातावर नखानं हलकेच ओरखडा काढला.

साहेब खुर्चीसकट हातभर मागं सरकला. कानापर्यंत लाल झाला. आणि म्हणाला, "वेल!"

 साहेबाचा मुंबईचा दुभाषी होता, तो पानाची पिंक टाकायला म्हणून जो गेला तो परतेचना. भाटव्यांनी शांतपणे उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि लोकांना सांगितलं, "काई नाई. गुदगुल्या झाल्या त्याले. राग नाई आला, लाजला."

दुसऱ्या दिवशी साहेबानं स्वतः होऊन भाटव्यांना बोलावून घेतलं. झालं! त्या दिवसापासून आमचे भाटवे इंग्रजीचे पंडित.

आता हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझी बहीण त्या घरात बाजेवर पडून होती. सखू तिचं नाव, आम्ही भावंडं तिला बाई म्हणायचो. साहेब यायच्या वर्षभर आधी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरला एक शब्द, मंग. पाणी हवं तरी मंग, माशी बसली तरी मंग, पाय दुखला तरी मंग. वैद्य म्हणाला, हे बोलणं नव्हे, जिभेची सवय आहे. मी महिन्याकाठी भेटायला जायचो, तिचं ते मंग ऐकायचो, काही कळायचं नाही, आणि गाडीचं निमित्त काढून मी लवकर उठायचो. आज सांगायला लाज वाटते, पण उठायचो.

त्यात पोरबाळ नाही. आणि दिवस असे, की ज्याच्या घरात कापूस आला त्याच्या घरात दुसरी बायको येऊन राहिली होती. बायको धडधाकट असतानाही लोक करत होते, मग इथं कोण अडवणार? भाटव्यांची चुलती तर कंबर कसून बसली होती. दुसरी आली की माझी बाई कुठल्या कोपऱ्यात जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी भाटव्यांवर डोळा ठेवून होतो. आणि बघावं तेव्हा हा माणूस साहेबाच्या खुर्चीमागं उभा, डोळे मिटून, साहेबाचे वेल ऐकत!

बावीस प्रकार होते म्हणे. त्यांची नावंही त्यांनी पाडली होती. कपाळातला वेल, नाकातला वेल, पोट भरल्यावरचा वेल, खुर्चीतून उठतानाचा वेल. एक होता 'मले पटलं नाई पण भांडाची ताकद नाई' वेल. तो साहेब दुपारच्या वेळी फार वापरायचा.

एकदा दुभाषी लग्नाला गेला आणि त्याच्या जागी शाळेचे पंतोजी आले. पंतोजींकडे इंग्रजीचा जाडजूड कोश होता, तो ते काखेत धरून हिंडत. साहेब उन्हातून आला, खुर्चीत बसला, कापसाच्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाला, "वेल..."

पंतोजींनी बोटाला थुंकी लावली, पानं उलटली, आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "साहेबबहादूर विहीर विचारतात!"

मग काय विचारता! पन्नास माणसं उठली. साहेबाला मधोमध घेतलं, डोक्यावर छत्री धरली आणि देवळामागच्या विहिरीवर मिरवत नेलं. बिचाऱ्याला वाटलं, इथली काही रीत असेल. त्यानं काठावरून आत वाकून बघितलं आणि मान हलवत म्हणाला, "वेल, वेल, वेल."

"तीन!" पंतोजी ओरडले. "तीन विहिरी दाखवायच्या आहेत!"

दुसरी कुठली दाखवायची यावर लोकांत भांडण लागलं. एक म्हणे माळ्याची, एक म्हणे मशिदीजवळची. तेवढ्यात भाटवे गर्दीतून पुढं आले. "पंतोजी, ते पुस्तक मिटा. त्याचं डोकं चढलं हाय उन्हानं. मंघाचा वेल कपाळातून निंगाला होता. सावलीत बसवा अन् ताक पाजा."

ताक पाजलं. साहेबानं डोळे मिटले आणि लांबलचक वेल सोडला. भाटवे म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं त्याले." पंतोजींना तो अर्थही कोशात सापडला, पण तोवर साहेब घोरत होता.

पुढं पुढं भाटवे स्वतःच वेल वापरायला लागले. शेजारी एकाची आई वारली. लोक गेले, जे बोलतात ते बोलले, पोरगा दगडासारखा बसलेला. भाटवे त्याच्याजवळ टेकले आणि हळूच म्हणाले, "वेल." पोरगा हंबरडा फोडून रडला, मोकळा झाला. त्याच घरी तेराव्याच्या जेवणात तिसऱ्या लाडवानंतर भाटवे पुन्हा म्हणाले, "वेल." वाढप्यानं चौथा आणून टाकला. आणि पेढी नदीच्या गाळात आमचा बैल बसला होता तेव्हाची गोष्ट तर मी स्वतः बघितलेली. शेपटी पिरगाळून झाली, शिव्या देऊन झाल्या, चार गडी लावून झाले. भाटवे वाकले, बैलाच्या कानात म्हणाले, "वेल?" बैल उठला! अस्सल वऱ्हाडी बैल, बाप्पा, त्याच्या सात पिढ्यांत कोणी इंग्रजी ऐकलं नव्हतं.

माझा स्वतःचा एकदा चांगलाच पाणउतारा झाला. मी कापसाची गाडी घेऊन गेलो. वाटेत पाऊस लागला होता, वरचा कापूस जरा पिवळट पडला होता. साहेबानं चिमूट उचलली, दोन्ही हातांत धरून ओढली, तंतू बघितला आणि म्हणाला, "वेल." मुंबईचा दुभाषी म्हणाला, "पसंत आहे. उतरवा."

मी धोतर खोचलं. भाटवे म्हणाले, "उतरवू नको."

"काहून? पसंत आहे म्हणून राहिला ना तो!"

"नाकातून बोलला. नाई म्हणते. तुह्या तोंडावर म्हणाची लाज वाटून राह्यली त्याले, बस."

मी भडकलो. म्हटलं, मुंबईचा शिकलेला माणूस सांगतो ते खोटं आणि तुमचं नाक खरं? अर्धी गाडी रिकामी केली, तोवर साहेब दोन गाड्या पुढं गेला होता. मागं वळून बघितलंही नाही. तो सगळा कापूस मी परत भरला, चौघांदेखत. भाटवे मुकाट्यानं हात लावत होते, तेच जास्त झोंबलं.

"हे शिकले कुठं तुमी?" मी चिडूनच विचारलं.

"घरी," ते म्हणाले.

घरी म्हणे! घरी कोण साहेब बसलाय? मला वाटलं, थट्टा करून राहिले.

त्यानंतर पंधरा दिवसांत वलगावात बातमी आली. बाळापूरची एक मुलगी भाटव्यांसाठी बघून ठेवली आहे, चुलतीनं बोलणी केली आहेत. माय रडायला लागली. मी कोणाला काही विचारलं नाही. गाडी जुंपली आणि तडक अमरावतीला बाजारात जाऊन उभा राहिलो.

"भाटवे, मी बाईले न्याले आलो."

मला वाटलं, आता वेल म्हणतील. म्हणाले असते तर मी ती मिशी धरली असती, खोटं नाही सांगत.  पण त्यांनी हातातली कापसाची चिमूट खाली ठेवली, साहेबाला न विचारता निघाले आणि म्हणाले, "चाल घरी."

घरी बाई भिंतीला टेकून बाजेवर बसली होती. केस विंचरलेले, कुंकू नीट लावलेलं, अंगावर धुतलेलं लुगडं. हे मी दर खेपेला बघत आलो होतो. ते कोण करतं, हे कधी विचारलं नव्हतं. दिवसा एक म्हातारी येऊन पाणी देते एवढं ठाऊक होतं, पण त्या म्हातारीला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते.

भाटवे आत आले तशी ती म्हणाली, "मंग?"

"हाव, सांगतो. पाय तं धुऊ दे."

"मंग."

"लवकर आलो काऊन का तुहा भाऊ आला. तो पाय, दारात उभा हाय, तोंड फुगवून."

पाय धुतले आणि तिच्यासमोर उभं राहून त्यांनी सकाळचा बाजार सांगायला घेतला. सांगायला कसला, करून दाखवायला! साहेबाचं चालणं, दुभाष्याची लगबग, छत्रीवाल्याची धांदल. एवढासा माणूस, पण साहेब झाला की घर अपुरं पडत होतं.

"मंग," बाई म्हणाली.

"नाई, टोपी नाई पडली. पडली असती तं सांगतलं नसतं का?"

"मंग!"

"बरं बाई, पडली. शेणात पडली. पण उलीशीच."

बाई हसली. अर्ध्या तोंडानं, पण खांदे हलवून हसली. तिला हसताना मी ती बाजेवर पडल्यापासून बघितलं नव्हतं, आणि बघणार तरी कसा? हसण्याइतका वेळ बसलो होतो कधी? मी दारातच उभा राहिलो आणि मला कळलं, की भाटवे थट्टा करत नव्हते. खरंच घरी शिकले होते. ज्याला रोज एका शब्दात भूक, दुखणं, रुसवा, गंमत, सगळं ओळखावं लागतं, त्याला साहेबाचे बावीस वेल म्हणजे पोरखेळ. मला माझीच चीड आली. पण ज्या कामाला आलो होतो ते काम राहिलंच होतं, म्हणून मी आवाज चढवूनच विचारलं, "बाळापूरचं काय आहे?"

भाटव्यांचा साहेब तिथंच उतरला. ते जमिनीवर टेकले.

"चुलती आणते, मी नाई म्हणतो. ते सोड. मी नाई करत दुसरं. पण तू न्याले आला ते काई चूक नाई. तिची माय हाय तिथं. इथं ती दिवसभर भिंतीकडं पाहून राह्यते अन् मी बाजारात. तिले जावंसं वाटत असन तं?"

"तं तिलेच विचारा ना. तुमाले तर समजते."

"तेच तं," ते म्हणाले. "सायेबाचं मले समजते, काऊन का तो हो म्हणो का नाई म्हणो, माह्यं काई जात नाई. हिचं तसं नाई ना, गणपत. मले रोज ऐकू येते का हिले इथं बरं वाटते. ती खरंच म्हणते, का मीच माह्या सोयीचं ऐकून राह्यलो? कोण सांगन मले? तू इचार. मी असलो तं ती माह्या तोंडाकडं पाहीन. मी बाहेर जातो."

आणि गेले. दार ओढून घेतलं.

मी बाजेजवळ बसलो. एवढ्या जवळ कितीतरी दिवसांनी बसलो होतो. म्हटलं, "बाई, मायनं म्हैस घेतली, दुभती."

"मंग?"

"शिंग मोडकं आहे, पण दूध चांगलं देते. ओसरीवर तुह्यासाठी जागा केली. तिथून रस्ता दिसते."

"मंग?"

"मंग काय, चाल. गाडी उभी आहे. माय वाट पाहून राहिली."

 ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं दाराकडे बघितलं. चांगल्या हातानं तिनं बाजेचा काठ पकडला, असा घट्ट की बोटं पांढरी झाली. आणि अगदी हळू म्हणाली, "मंग..."

मला नाही कळलं. तिनं डोळे मिटले, दमून उघडले, आणि दाराकडे बघतच पुन्हा म्हटलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाई, मंग भाटव्यायचं कसं होईन, असं म्हणतं का?"

तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. बाज सोडून तिनं माझ्या गालावर हात ठेवला आणि मग त्याच हातानं एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी, समजायला एवढा वेळ लावला म्हणून. मला रडू फुटलं. मोठा मिशीवाला माणूस, बाजेवर डोकं टेकून रडलो.

तोंड पुसून बाहेर आलो. माझी गाडी रस्त्याकडे तोंड करून तयार होती. बैल जुंपलेले. आत हातभर कडबा अंथरलेला, त्यावर नव्या कापसाची जाड गादी, डोक्याकडं उशी, बाजूनं धक्का लागू नये म्हणून गुंडाळून ठेवलेली गोधडी. वर सावलीसाठी त्यांचं दलालीचं उपरणं ताणून बांधलेलं. भाटवे बैलांकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"काय म्हणाली?" त्यांनी न वळता विचारलं. अख्ख्या बाजाराला साहेब समजावून सांगणारा माणूस मला विचारत होता.

"म्हणाली, मंग तुमचं कसं होईन."

 ते बैलाच्या मानेवरचं जोतं सोडायला गेले, पण त्यांना ते सुटेना. ते रडत होते, उघड उघड, भर रस्त्यात. शेवटी मीच पुढं झालो आणि बैल सोडले.

तेवढ्यात आतून जोरात हाक आली. "मंग!"

भाटव्यांनी बाहीनं नाक पुसलं आणि ताठ झाले. "आलो, आलो!"

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, बैल सोडले तं त्यायले पाणी दाखवा, अन् भाऊ उपाशी आला, त्याले जेवाले बसवा."

"एवढं सगळं?"

"अजून हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मले न इचारता गाडी जुंपली कोणं, म्हणते. लय तापली हाय. तू जाय पुढं, मी नाई जात." असं म्हणत होते, आणि जोडे काढून माझ्याआधी आत शिरलेही होते.